तिला घरातून हलवू नकोस

प्रिय मुला,

काल रात्री तुझा फोन झाल्यावर झोप लागली नाही. तुझी आई गेली, पण तिच्याबद्दल तू फार बोलला नाहीस. विचारलंस ते एवढंच, की लेकीला हा आठवडा तुझ्या मावशीकडे ठेवू का. घरात माणसांची ये-जा आहे, जो तो रडतोय, अडीच वर्षांच्या पोरीकडे बघायला कुणाला उसंत नाही, आणि मोठी माणसं म्हणतायत की लहान जिवाला हे कशाला दाखवायचं. "माझं डोकंच चालत नाहीये, तुम्हीच सांगा," असं म्हणालास. फोनवर मी एका वाक्यात सांगितलं. पण तुझा आवाज ऐकून वाटलं, हे वाक्य सकाळपर्यंत टिकायचं नाही, घरातलं कुणीतरी ते खोडून काढेल. म्हणून लिहून पाठवते.

तिला घरातून हलवू नकोस.

जरा तिच्या बाजूने बघ. तुम्ही दोघं कामावर गेलात की दिवसभर तिला आजीच. अंघोळ आजी घालणार, भरवणार आजी, दुपारी थोपटून झोपवणारीही आजीच. ते माणूस अचानक नाहीसं झालं. त्याचा अर्थ तिला लागलेला नाही, पण जागा रिकामी झालीय हे तिला केव्हाच कळलंय. आणि नेमकं त्याच वेळी तिचे आई-बाबा, तिचा बिछाना, तिचं घर हेही सगळं तिच्यापासून काढून घ्यायचं? याला मोठी माणसं जपणं म्हणतात. मला ते कधी पटलं नाही, या वयात पटणारही नाही.

"एवढ्याशा पोराला काय कळतंय" हे वाक्य तू या दिवसांत पुष्कळदा ऐकशील. मी आयुष्यभर पाळणाघर चालवलं, म्हणून या वाक्याची मला चीड आहे. साधारण आठ-नऊ महिन्यांचं मूलसुद्धा कापडाखाली लपवलेली वस्तू शोधायला लागतं. नजरेआड गेलेली गोष्ट कुठेतरी असते, हे त्याला तेव्हापासून उमजू लागतं. तुझी लेक तर अडीच वर्षांची आहे. आजी कुठेतरी आहेच, असं धरून ती आजीला शोधणार. दाराच्या मागे बघेल, न्हाणीघराचं दार वाजवेल, आजीचा चष्मा सापडला तर तो हातात घेऊन घरभर हिंडेल आणि दिसेल त्याला दाखवेल. तिला जे कळत नाही ते वेगळंच आहे. गेलेलं माणूस कधीच परत येत नाही, त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, आणि हे प्रत्येकाचं होणार असतं, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास नीट कळतात. म्हणजे तिला मरण कळत नाही, पण माणूस हरवलेलं कळतं. हरवलेलं माणूस शोधणाऱ्या मुलाला तू अनोळखी खोल्यांत नेऊन सोडणार. मग ती तिथे आणखी दोघांना शोधत बसेल. तुला आणि तिच्या आईला.

हा काही माझ्या एकटीचा हट्ट नाही. ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने 1952 साली एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं. छोट्याशा शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस आईबापांपासून दूर रुग्णालयात होती. पुढे त्याने आणि त्याची बायको जॉइस हिने सतरा महिन्यांच्या एका मुलाचं चित्रण केलं. त्याची आई बाळंतपणाला गेली म्हणून तो नऊ दिवस शिशुगृहात राहिला. नऊच दिवस. आधी तो कुणीतरी आपल्याला जवळ घ्यावं म्हणून धडपडला, मग रडला, मग जेवण सोडलं, मग कोपऱ्यात एका मोठ्या खेळण्यातल्या अस्वलाला बिलगून पडून राहायला लागला. आई न्यायला आली तेव्हा तिच्या हातांतून सुटायला बघत होता. रॉबर्टसन ज्यांच्याबरोबर काम करत होता त्या जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांनी याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी आक्रोश, मग निराशा, मग अलिप्तपणा. मोठी माणसं फसतात ती तिसऱ्या पायरीवर. मूल रडायचं थांबतं, कुणाच्याही कडेवर जातं, दिलेलं खातं, आणि सगळे म्हणतात, बघा, रुळलं. ते रुळलेलं नसतं. त्याने वाट बघणं सोडलेलं असतं.

याच जोडप्याने अशीच काही मुलं आपल्या स्वतःच्या घरी ठेवून घेतली. एकच बाई दिवसभर त्यांच्याजवळ असायची, आईबापांची आठवण मुद्दाम जागती ठेवायची. ती मुलं पुष्कळ बरी राहिली. म्हणून मला खरं म्हणजे आठवडाभराच्या दुराव्याइतकीच धास्ती "कुणीतरी बघेल" या वाक्याची वाटते. तुझी मावशी प्रेमळ आहे, मान्य. पण तुझी लेक तिच्या घरी आईशिवाय कधी झोपलेली नाही, आणि या आठवड्यात मावशी स्वतः बहिणीसाठी रडते आहे. तिचा अर्धा जीव तुमच्या घरात अडकलेला असणार.

माझं सांगते, म्हणजे मी इतकी हटून का बसले आहे ते तुला कळेल. माझा नवरा गेला तेव्हा माझा मुलगा तुझ्या लेकीएवढाच होता. त्याच संध्याकाळी नातेवाइकांनी त्याला उचलून नेलं. मला कुणी विचारलं नाही. मी भानावर आले तेव्हा त्याचे कपडेसुद्धा गेलेले होते. आज लोक मला म्हणतात, तू अडवायचं होतंस. कशी अडवणार? उठून उभं राहायची ताकद नव्हती, आणि त्या काळात तरण्या विधवेला घरात कोण विचारत होतं? आठवड्याने तो परत आला तेव्हा ज्या बाईने आणला तिचं बोट धरून दारात उभा राहिला आणि माझ्याकडे शेजारणीकडे बघावं तसं बघत होता. मी हात पुढे केले. तो हलला नाही. नंतर कितीतरी महिने तो मला न्हाणीघराची कडी लावू देत नसे. बाहेर बसून दाराखालच्या फटीतून बोटं आत घालायचा. बाबा मेल्याचं दुःख त्याला होणारच होतं, ते कुणी टाळू शकलं नसतं. पण आईही अशीच एक दिवस नाहीशी होते ही भीती त्याला मरणाने दिली नाही, त्या आठवड्याने दिली. आजही वाटतं, ते सात दिवस मला परत मिळायला हवे होते.

म्हणून सांगते, तिला घरात राहू दे. घर रडतंय तर रडू दे. तिच्या समोर तू रडलास तर काही बिघडत नाही. बिघडतं ते तू रडत असताना ती आली आणि तू तोंड फिरवून "काही नाही, काही नाही" म्हणालास की. काही नाही कसं? तिला दिसतंय ना. "बाबाला आजीची आठवण येते, म्हणून बाबा रडतो, तुझ्यामुळे नाही," एवढं म्हण. त्यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. या वयाचं मूल जगात जे काही घडतं त्याचा संबंध स्वतःशी लावतं. आजीने भरवताना मी घास थुंकला आणि दुसऱ्या दिवशी आजी गेली, एवढी गाठ मारायला त्याला वेळ लागत नाही.

तिला घरात ठेवायचं म्हणजे तिला खरं सांगायचं, हे त्यातच आलं. नाहीतर घरात ठेवून तिच्याशी खोटं बोलत राहशील आणि ते आणखी वाईट. अजून सांगितलं नसशील तर आज सांग. जमिनीवर बस, तिला मांडीवर घे. "आजी मेली. तिचं शरीर चालायचं थांबलं. आता ती श्वास घेत नाही, तिला दुखत नाही. ती परत येणार नाही." एवढंच. लांबण लावू नकोस. आजी झोपली आहे म्हणून सांगितलंस तर रात्री तुझी लेक डोळे मिटायला घाबरेल, किंवा तू झोपलास की तुला हलवून उठवेल. आजी प्रवासाला गेली म्हटलंस तर ती दाराशी बसून राहील, आणि पुढच्या वेळी तू बॅग भरलीस की तुझ्या पायाला मिठी मारेल. आजारी होती म्हणून गेली एवढंच म्हटलंस तर उद्या तिच्या आईला सर्दी झाली तरी तिचा चेहरा उतरेल. म्हणून "खूप खूप मोठा आजार होता, आपल्याला होतो तसला नाही" असं सांग. तुमची जी काही श्रद्धा असेल तीही सांग, माझी त्याला हरकत नाही. पण आधी हे सांग, मग ती.

तू सांगशील आणि ती म्हणेल, "हो," आणि लगेच बाहुली घेऊन निघून जाईल. तेव्हा तुझ्या मनाला लागेल, इतका जीव लावला आजीने आणि हिला काहीच नाही. असा विचार मनात आणू नकोस. मुलं दुःख एका बैठकीत करत नाहीत. थोडं करतात, उठतात, खेळतात, पुन्हा येतात. संध्याकाळी ती विचारेल, "आजी कधी येणार?" पुन्हा तेच सांगायचं, त्याच शब्दांत. उद्या पुन्हा. महिन्याभरानेही. तुला वाटेल, प्रत्येक वेळी जखमेवरची खपली निघते आहे. निघतेच. तरी उत्तर बदलायचं नाही. उत्तर तेच आहे ना, हे ती तपासून बघत असते.

आता आठवड्याचं. तिच्यासाठी एक माणूस ठरव. आळीपाळीने पाच जण नकोत, एकच, आणि शक्य तर तिची आई. भेटायला येणाऱ्यांशी बोलायला घरात माणसं आहेत. तुझी बायको त्यांच्यात बसली नाही तर कुणी काही म्हणेल. म्हणू दे, तिच्या वतीने तू उत्तर दे. जेवण, अंघोळ, झोप यांच्या वेळा जमतील तितक्या रोजच्याच ठेव. या वयाच्या मुलाला दुपारची धरून दिवसाकाठी अकरा ते चौदा तास झोप लागते. ती बुडाली की चिडचिड वाढते आणि मग लोक म्हणतात, बघा, पोरीला घरातलं वातावरण सोसत नाहीये, पाठवा हिला. सोसत नाहीये ती झोपमोड, हे त्यांना ठणकावून सांग. चड्डीत शू करायला लागली, पुन्हा बाटली मागू लागली, रात्री चारदा उठली, तर रागावू नकोस. हे होतं, आणि घरची घडी बसली की हळूहळू जातं. आणि आजीची शाल कुणाला धुवायला टाकू देऊ नकोस. तिला त्या शालीत तोंड खुपसायचं असेल. तुलाही असेल.

तुझ्या मनात येईल, तुमच्या घरी तुम्ही असं केलंत का. केलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा माझी नात जेमतेम दोन वर्षांची होती. मी तिला कुठेही जाऊ दिलं नाही. घर भरलेलं असताना ती माणसांच्या पायांतून गाडी फिरवत होती, मोठ्याने हसलीसुद्धा. एका बाईंनी मला ऐकवलं की तुझं काळीज दगडाचं आहे. दोन नातेवाईक त्यानंतर माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहे. माझ्या मुलाने त्या दिवशी तिला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. तो काय आठवत होता ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

अंत्यविधीचं तू विचारलं नाहीस, तो होऊनही गेला असेल, म्हणून त्यावर लिहीत नाही. राहिली मावशी. तिला वाईट वाटेल, कारण तिने मनापासून विचारलं होतं. तू स्वतः तिला फोन कर, बायकोला करायला लावू नकोस. म्हणावं, लेक घरीच राहील, पण दुपारी दोन तास तू आमच्याकडे ये आणि तिच्या खोलीत तिच्याजवळ बस, म्हणजे तिची आई पाठ टेकेल. मावशीलाही या दिवसांत एका लहान मुलाजवळ बसायला मिळालं तर हवंच असेल. पत्र वाचलंस की आधी हा फोन कर, मग जेव. कालपासून तू काही खाल्लेलं नाहीस, तुझ्या आवाजावरून मला कळलं.

तुझी,
पाळणाघरातली काकू