जुन्या कॅमेऱ्यांची देखभाल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या वडिलांचा औशात फोटो स्टुडिओ होता. त्यांचा याशिका-मॅट १२४-जी हा दोन भिंगांचा कॅमेरा पत्र्याखालच्या माळ्यावर, पेटीत बरीच वर्षे पडून होता. हँडल नीट फिरते, १/१२५ आणि १/२५० वर शटर व्यवस्थित पडते. मात्र एक सेकंद आणि अर्ध्या सेकंदावर ते उघडते आणि उघडेच राहते. गावातील घडीसाजाने शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडण्यास सांगितले आहे. तसे करावे काय?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : तेल सोडू नये. उत्तर आधी आणि कारण मागाहून देत आहे, कारण एकदा तेल आत उतरले की पुढची दुरुस्ती दुपटीने अवघड होते.

आपल्या कॅमेऱ्यात कोपाल-एसव्ही शटर आहे. खालच्या भिंगाच्या पुढच्या व मागच्या काचांमध्ये, एकमेकींवर सरकणाऱ्या अतिशय पातळ पोलादी पात्यांचा हा संच असतो आणि ही पाती पूर्ण कोरडीच चालावीत अशी त्याची रचना असते. त्यांच्यामध्ये तेलाचा नुसता थर आला तरी पाती एकमेकींना चिकटतात. एक सेकंद, अर्धा सेकंद यांसारखे मंद वेग मात्र पात्यांमुळे नव्हे, तर शेजारी बसवलेल्या लहानशा दंतचक्रांच्या साखळीमुळे मिळतात. ती साखळी शटरच्या मुख्य कड्याला रोखून धरते आणि ठरलेल्या वेळाने सोडते. जलद वेगांना तिचे काम फारच थोडे असते. आपल्या कॅमेऱ्यात जलद वेग बिनचूक चालतात आणि मंद वेगच अडकतात, याचा अर्थ स्प्रिंग शाबूत आहे आणि दोष बहुधा या दंतचक्रांतील वाळलेल्या, चिकट झालेल्या वंगणात आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या पेटीत जुने वंगण पातळ होऊन जागा सोडते आणि उरलेला चिकट भाग धूळ धरून बसतो. अशा साखळीवर नवे तेल टाकल्यास चिकटा निघत नाही, उलट तो ओला होऊन पात्यांपर्यंत पसरतो.

प्रथम घरच्या घरी तपासणी करावी. रोल नसताना मागचे दार उघडावे, भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) पूर्ण मोठे ठेवावे आणि पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा धरून बंद पात्यांकडे तिरक्या नजरेने पाहावे. त्यांच्यावर ओलसर चमक दिसली तर तेल तेथवर पोचले आहे. पाती मंद करड्या रंगाची, कोरडी दिसली तर प्रश्न साखळीपुरताच आहे. त्यानंतर १/१५ आणि १/८ या वेगांवर शटर पुन्हा पुन्हा चालवावे आणि कान देऊन ऐकावे. साखळी चालू झाली की एकसारखी बारीक घरघर ऐकू येते. ती मध्येच दमली, थबकली तर तेथेच मळ आहे. काही शटरे एवढ्या व्यायामानेच मोकळी होतात. वेग मोजण्यासाठी मोबाइलमधील दर सेकंदास २४० चित्रे घेणारे मंदगती चित्रण पुरेसे आहे : शटर उघडे असलेली चित्रे मोजली असता एक सेकंदाला सुमारे २४०, १/१५ ला सुमारे १६ आणि १/३० ला सुमारे ८ यावीत. थोडाफार फरक निगेटिव्ह फिल्म सहज सामावून घेते, त्यामुळे त्याची चिंता करू नये. हे सर्व करताना सेल्फ-टायमरच्या खटक्याला मात्र हात लावू नये. त्याचीही दंतचक्रे याच शटरमध्ये असतात आणि तो अर्ध्यावर अडकला तर संपूर्ण शटर बंद पडते.

एवढे करूनही एक सेकंद अडकत असेल तर समोरची पट्टी उघडून साखळी नाफ्थाने, म्हणजे लायटरमध्ये भरतात त्या शुद्ध पेट्रोलने, धुवावी लागते. ते उडून गेल्यावर सुईच्या टोकावर मावेल एवढेच घड्याळाचे तेल फक्त आसांच्या टोकांना लावायचे असते. येथे आपल्या घडीसाजाचा हात आणि त्याच्याकडील तेल, दोन्ही खरोखर उपयोगी आहेत. फक्त धुणे आधी आणि तेल नंतर, तेही शिवणयंत्राचे नव्हे, ही अट आहे. त्याने काम केले तर एक परीक्षा आपण स्वतः जरूर घ्यावी. वरच्या भिंगाने आपण पाहतो आणि खालच्या भिंगाने फोटो निघतो, म्हणून दोन्हींचा फोकस एकाच अंतरावर जुळलाच पाहिजे. फिल्म ज्या रुळांवरून जाते त्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवावा, शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते तो वेग) उघडे ठेवावे आणि दूरची पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस वरच्या काचेवर स्पष्ट करावा. तो त्याच क्षणी कागदावरही तितकाच रेखीव दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर कॅमेरा स्वीकारू नये.

प्रश्न : माझ्या पेंटॅक्स के-१००० ने काढलेल्या फोटोंवर तांबूस-पिवळे पट्टे येतात. दार उघडले की बोटांना काळा चिकट पदार्थ लागतो. शटरचा पडदा फाटला असेल काय?
– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : पडद्याला दोष देण्यापूर्वी निगेटिव्ह उजेडात धरून पाहावी. पट्टा फोटोच्या चौकटीबाहेर, कडेच्या भोकांपर्यंत गेला असेल तर प्रकाश दारातून शिरतो आहे. तो नेमका चौकटीच्या आत थांबत असेल तरच पडद्याचा संशय घ्यावा. आपल्या बोटांना लागणारा काळा पदार्थ म्हणजे दाराच्या खाचांतील प्रकाश अडवणारा फोम होय. त्या काळातील जपानी कॅमेऱ्यांतील हा फोम काही दशकांत विरघळून डांबरासारखा होतो. त्यात वापरणाऱ्याची काही चूक नसते.

तो काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बांबूची टोकदार काडी पुरेशी आहे. लोखंडी टोचा वापरू नये, आणि खरडताना कॅमेरा उलटा, म्हणजे दार खाली करून धरावा, जेणेकरून चुरा पडद्यावर पडणार नाही. खाचा स्वच्छ झाल्यावर नवा पातळ फोम कापून बसवावा. तो मिळत नसेल तर खाचेत बसेल असा काळ्या लोकरीचा धागा दाबून घालावा. जुन्या कॅमेऱ्यांमध्ये असा धागा कारखान्यातूनही येत असे, म्हणून यात कमीपणा मानू नये. आरशाच्या वरच्या बाजूला आरसा आपटू नये म्हणून आणखी एक फोमची पट्टी असते, तीही बदलावी. मात्र तेथे अल्कोहोलचा बोळा अगदी कोरडा करून वापरावा, कारण वरची फोकसची काच प्रत्यक्षात प्लॅस्टिकची असते आणि तिच्यावर उमटलेला डाग निघत नाही. शटरच्या कापडी पडद्याला तर बोटही लावू नये.

जाता जाता सांगतो : या कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला बंद करण्याचे बटण नाही. भिंगावर झाकण ठेवणे हाच तो बंद ठेवण्याचा मार्ग आहे, अन्यथा सेल लवकर संपतो.

प्रश्न : माझ्याकडे याशिका इलेक्ट्रो ३५ आहे. त्याची मूळ बॅटरी आता कोठेच मिळत नाही. पर्याय काय?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : मूळ बॅटरी पाऱ्याची, ५.६ व्होल्टची होती. पारा विषारी असल्यामुळे तिचे उत्पादन थांबले. तिच्याऐवजी ६ व्होल्टची ४एलआर४४ बॅटरी चालते आणि या कॅमेऱ्याच्या मोजमापात त्यामुळे जाणवण्याजोगा फरक पडत नाही. ती आकाराने लहान असल्याने कडेने पुठ्ठ्याची गुंडाळी आणि टोकाला स्प्रिंग घालून जागा भरावी. आत हिरवट-पांढरे क्षार असतील तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून, नंतर अल्कोहोलने कोरडे करावे. जुना पाऱ्याचा सेल सापडल्यास तो कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावा.

हाच नियम सगळ्या कॅमेऱ्यांना लावू नये. औशाच्या वाचकांकडील १२४-जी मध्ये १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता. तेथे साधा १.५ व्होल्टचा सेल घातल्यास मीटर चुकीचे सांगते. त्यासाठी कानाच्या यंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा, सुमारे १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल, त्याच्याभोवती कडे घालून, वापरावा. त्याचा कागद काढला की तो काही आठवडेच टिकतो, म्हणून फोटो काढण्याच्या बेतानेच उघडावा.

बॅटरी नसताना इलेक्ट्रो ३५ चे शटर फक्त १/५०० वर चालते. नवी बॅटरी घातल्यावरही रोल पुढे सरकवताना शेवटी होणारा ठळक ‘खट’ आवाज येत नसेल, तर आतील रबराची छोटी गादी गळून गेली आहे असे समजावे. ती बदलण्यासाठी वरची टोपी उघडावी लागते. हे काम अनुभवी कारागिराकडे द्यावे.

प्रश्न : भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवला तर ती जाईल काय?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : जाणार नाही, शिवाय तांदळाची भुकटी आत शिरेल. आपल्याकडील हवा उन्हाळ्यात कोरडी असते, परंतु पावसाळ्यात चामड्याच्या पेटीने शोषलेला ओलावा तिच्यातच राहतो आणि बुरशी तेथे वाढते. म्हणून पेटी वेगळी ठेवावी, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे. असलेली बुरशी भिंग उघडूनच पुसावी लागते. ती काचेच्या लेपात खोल गेली असेल तर पुसल्यावरही पुसट खुणा राहतात, तथापि उजेड पाठीमागे ठेवून काढलेल्या फोटोंत अशा खुणा फारसा त्रास देत नाहीत. भिंग उन्हात ठेवायचे झाल्यास ते कॅमेऱ्यापासून सोडवून, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावे. कॅमेऱ्याला लावलेले भिंग सूर्याकडे रोखून ठेवले तर कापडी पडद्याला जळून भोक पडू शकते.