ट्रान्समिशन २१८ दाखवतंय, गाडी बंद करू का? थांबा हवं तर, पण इंजिन बंद करू नका

प्रश्न असा होता: फिनिक्समध्ये सेकंडहँड डिझेल पिकअप घेतली आहे, २०१७ ची फोर्ड एफ-२५०. कॅम्पिंगचा ट्रेलर लावून फ्लॅगस्टाफला जाताना चढावर ट्रान्समिशनचं (म्हणजे गिअरबॉक्सचं) तापमान २१८ पर्यंत गेलं, काटा मात्र मधेच होता. नॉर्मल किती समजायचं? बाजूला घेऊन गाडी बंद करावी का?

उत्तर:

२१८ फॅरनहाइट म्हणजे १०३ सेल्सिअस. मागे ट्रेलर, वर ॲरिझोनाचं ऊन आणि आय-१७ हायवेचा चढ, एवढं होणारच. गाडी विकायला काढू नका.

तुमच्या ६.७ लिटर डिझेलला जो सहा गिअरचा ६आर१४० गिअरबॉक्स आहे, तो रिकामा चालवतानासुद्धा १९५ ते २०५ च्या आसपास असतो. ट्रेलर लावून सपाटीवर २१० पर्यंत, चढावर २२० च्या आगेमागे. २२५ च्या पुढे गेलं की मी वेग कमी करतो, २४० दिसलं तर जागा बघून थांबतो. त्याच्याही वर बराच वेळ राहिलं तर ऑइल करपायला आणि सील कडक व्हायला लागतात, आणि २६० बघायची वेळ कुणावर येऊ नये. काटा मधे होता याला काही अर्थ नाही. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो, बऱ्याच मोठ्या टप्प्यात जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. डॅशबोर्डच्या मेन्यूत जाऊन आकडा दिसेल असं करा, नाही सापडलं तर ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉकेट) स्वस्तातला स्कॅनर लावा.

खरं तर इथे उत्तर संपलं. पण ‘गाडी बंद करावी का’ हे वाचलं आणि राहवेना. हे वाक्य मी दरवर्षी गणपतीत ऐकतो, आमच्या साडूभाऊंच्या तोंडून.

साडूभाऊंच्या वडिलांची जुनी पेट्रोल गाडी बोरघाटात उकळायची. मग बाजूला घ्यायची, बंद करायची, बॉनेट उघडायचं, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकायचं आणि वडापाव खाऊन होईपर्यंत थांबायचं. त्या बालपणातून त्यांचा सिद्धांत तयार झालाय: गाडी तापली की बंद. इंजिन तापलं, गिअरबॉक्स तापला, सगळं त्यांच्या लेखी एकच.

जून महिन्यातली गोष्ट. आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून फ्लॅगस्टाफच्या बाजूला निघालो होतो. मागे साधारण सात हजार पाउंडांचा ट्रेलर, पुढच्या सीटवर साडूभाऊ, बायका-मुलं मागे. ब्लॅक कॅन्यन सिटी सोडली की सनसेट पॉइंटपर्यंतचा चढ तुम्ही पाहिलाच असेल. चढ सुरू झाला तेव्हा आकडा २०८ होता आणि ताशी साठ मैलांच्या वेगाने आरामात चाललो होतो. मध्यावर पुढे कुठेतरी अपघात झाला आणि सगळं तुंबलं. दहा फूट सरका, थांबा, परत दहा फूट. बाहेर १०८ डिग्री. आणि मग आकडा चढायला लागला: २१२, २१७, २२१.

“बंद करा.”

“थांबा जरा.”

“अहो, २२४ झालंय! बंद करा म्हणतो ना!”

मी पार्किंग ब्रेक ओढला, गाडी पार्कमध्ये टाकली आणि ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून १,२०० आरपीएमला धरली. पुढचा मोठा पंखा घोंगावायला लागला. साडूभाऊ माझ्याकडे असे बघत होते की मी पेटलेल्या घरात रॉकेल ओततोय. “तापलेल्या गाडीला रेस देताय?” आकडा २२६ वर गेला, तिथे घुटमळला, मग २२३, २१८, २१२. मी काही बोललो नाही, फक्त स्क्रीनकडे बोट दाखवलं. त्यावर ते म्हणाले, “ट्रॅफिक सुटला म्हणून उतरलं.” गाडी जागची हलली नव्हती!

तेव्हापासून आरती झाली की मोदकाच्या ताटाशी ही कथा रंगते: यांनी कसा गिअरबॉक्स जाळायला घेतला होता. म्हणून एकदाचं लिहूनच ठेवतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमधून येते. इंजिन एका बाजूचं चक्र फिरवतं, ते ऑइलला ढकलतं आणि ऑइल दुसरं चक्र फिरवतं. दोन्हींच्या वेगात फरक असला की तेवढी ताकद ऑइल घुसळण्यात जाते, तीच उष्णता. वेग आला की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो आणि घुसळणं जवळजवळ थांबतं. म्हणून साठच्या वेगाने चढताना २०८ आणि मुंगीच्या पावलाने सरकताना २२६. चढ तोच, वजन तेच, लॉकअप मात्र सुटलेलं. ट्रेलर रिव्हर्समध्ये चढावरच्या कॅम्पसाइटवर घालताना बघा, हायवेवर दिसलं नसेल एवढं तापमान तिथे दिसेल, कारण रिव्हर्सला लॉकअप नाही आणि समोरून वाराही नाही. जागा खडीची किंवा मातीची असेल तर फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणारी सगळ्यात खालची रेंज) घ्या, लगेच फरक पडतो. डांबरावर मात्र फोर-लोमध्ये वळवू नका.

आता बंद का करायचं नाही. गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद केलं की पंप बंद, कूलंटचा पंप बंद, पंखाही बंद. सगळ्यात तापलेलं ऑइल कन्व्हर्टरमध्ये तसंच बसून राहतं आणि स्क्रीन काळी असल्यामुळे साडूभाऊंना वाटतं गाडी थंड होतेय. पार्कमध्ये इंजिन चालू ठेवलं की चाकांना ताकद जात नाही, त्यामुळे नवीन उष्णता फारशी तयार होत नाही, आणि पंप आहे ते ऑइल कूलरमधून फिरवत राहतो.

टो/हॉल म्हणजे ट्रेलर ओढतानाच्या मोडचं बटण, त्याबद्दलही त्यांचं म्हणणं असं की आरपीएम वाढतो म्हणजे गाडी जास्त तापणार. उलट आहे. खालच्या गिअरमध्ये तेवढंच ओझं ओढायला कन्व्हर्टरवर कमी जोर पडतो, पंप आणि पंखा जास्त फिरतात, आणि गिअर सारखे वर-खाली होत नाहीत. ट्रेलर लावला की ते बटण दाबायचं, विषय संपला. कंपन्या ट्रेलर ओढण्याचं रेटिंग देतात त्याची एक चाचणी आपल्या ॲरिझोनातच आहे. बुलहेड सिटीजवळच्या डेव्हिस धरणापासून स्टेट रूट ६८ वर ११.४ मैलांचा चढ, बाहेर किमान १०० डिग्री, एसी पूर्ण चालू, आणि तुमच्यासारख्या एकेरी मागच्या चाकांच्या पिकअपचा वेग ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. ज्या चढाला तुम्ही घाबरलात, तसल्याच चढासाठी गाडी बनवलेली आहे.

साडूभाऊंची गाडी वेगळ्या कंपनीची, तिचा आकडा १७० वर असतो आणि तो ते बीपीच्या रिपोर्टसारखा मिरवतात. दोन गाड्यांचे आकडे ताडून बघण्यात काही हशील नाही. तुमच्या फोर्डमध्ये ट्रान्समिशनचं ऑइल इंजिनपेक्षा वेगळ्या, दुसऱ्या कूलंट सर्किटवर थंड होतं, आणि ते थंडगार राहावं अशी अपेक्षाच नाही. सेन्सर कुठे आहे यावरही बरंच अवलंबून असतं. कुणी बाहेरून गेज लावून त्याचा सेन्सर कन्व्हर्टरमधून निघणाऱ्या लाइनवर बसवला, तर गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये २०० असताना त्याला २५० दिसेल आणि तो रात्रभर झोपणार नाही.

तो एक तक्ताही तुम्हाला कुणीतरी पाठवेलच: १७५ डिग्रीला ऑइल एक लाख मैल टिकतं, आणि पुढे दर २० डिग्रीला आयुष्य निम्मं. तत्त्व खरं आहे, उष्णता ऑइल खाते. पण ते आकडे जुन्या मिनरल ऑइलच्या काळातले. ते शब्दशः धरले तर तुमची गाडी रिकामी चालवतानाच तिचं निम्मं आयुष्य गेलं म्हणायचं. मी ट्रेलर ओढतो म्हणून ऑइल आणि फिल्टर मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच्या बरंच आधी बदलतो, तक्त्याला घाबरून नाही.

गाडी सेकंडहँड आहे म्हणून एक काम आजच करा. बॉनेट उघडल्यावर कूलंटच्या दोन टाक्या दिसतील. सगळे एकच बघतात. दुसरी त्या वेगळ्या सर्किटची, तिच्यातली पातळी कमी असेल तर इंजिनचा काटा शांत राहील आणि ट्रान्समिशन तापेल. इथल्या एका गॅरेजवाल्याने मला जादा कूलर बसवायचं भलंमोठं एस्टिमेट दिलं होतं. दुसऱ्या टाकीचा एक होज क्लॅम्प सैल निघाला.

आणि हो, बंद करू नका म्हणालो त्याला अपवाद आहेत. खाली ऑइल गळताना दिसलं, कूलंटची वाफ आली किंवा इंजिनचाही काटा लालकडे निघाला तर मुकाट्याने बंद करा. नेहमीच्याच चढावर, तेवढ्याच वजनाला, तशाच उन्हात आकडा आधीपेक्षा पंधरा-वीस डिग्रीने जास्त यायला लागला तर डिपस्टिक काढून ऑइल बघा. लालसर असेल तर ठीक, काळपट आणि करपट वासाचं असेल तर ट्रेलर घरी ठेवा. वर दिलेले आकडे सहा गिअरच्या गाडीचे आहेत. २०२० पासून याच मालिकेत दहा गिअरचा गिअरबॉक्स आला, त्याला मर्कॉन यूएलव्ही ऑइल लागतं. तुमच्यात मर्कॉन एलव्ही. दुकानात डबे शेजारी शेजारीच असतात, उचलताना नीट वाचून घ्या.