कॅस्टरच्या रकान्यात नुसती रेघ

या वेळी आलेले प्रश्न बहुतेक लिफ्ट केलेल्या, म्हणजे उंच केलेल्या गाड्यांचेच आहेत. पावसाळा संपला की दरवर्षी असंच होतं, चार महिने चिखलात खेळलेल्या गाड्या हायवेला लागतात आणि मग मालकाला कळतं की स्टिअरिंगचं काहीतरी बिनसलंय.

प्रश्न: नमस्कार दादा. माझी 2023 ची फाइव्ह डोअर जिम्नी आहे, दोन इंचाचं लिफ्ट किट आणि 215/75 आर15 टायर टाकलेत. गावात मस्त चालते पण पुणे-सातारा रोडला ऐंशीच्या वर गेलं की तरंगल्यासारखी वाटते, सारखं स्टिअरिंग सुधारत बसावं लागतं. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, हाताने आणावं लागतं. गाडी सरळ चालत असताना ते जरा डावीकडे कललेलंही दिसतं. दोन दुकानांत मिळून तीनदा अलाइनमेंट केली, प्रत्येक वेळी 'ओके आहे सर' म्हणून हिरवी प्रिंट हातात. शेवटच्या प्रिंटचा फोटो पाठवतोय. मेकॅनिक म्हणतो जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकअप) टाका. टाकू का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: नका टाकू, निदान आत्ता तरी नको. तुमची प्रिंट नीट बघितली. टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत) हिरवा आहे, कँबर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय) हिरवा आहे आणि कॅस्टरच्या रकान्यात डावीकडे उजवीकडे दोन्हीकडे नुसती रेघ आहे. म्हणजे तीनदा पैसे दिलेत आणि जे बिघडलंय ते एकदाही मोजलं गेलं नाही! कॅस्टर मोजायला चाकं फिरत्या प्लेटवर ठेवून स्टिअरिंग आधी एका बाजूला मग दुसऱ्या बाजूला ठरलेल्या डिग्रीपर्यंत फिरवावं लागतं, त्यात पाच-सात मिनिटं जातात आणि साध्या हॅचबॅकला बऱ्याचदा त्याची गरज नसते, म्हणून पोरं ती पायरी गाळतात. पुढच्या वेळी गाडी रॅम्पवर चढायच्या आधीच सांगा, कॅस्टर स्विंग करा आणि आकडा छापून द्या.

आता कॅस्टर म्हणजे काय, तर सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो उभा सरळ नसतो, वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडून सायकल चालवता येते. गाडीचंही चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेष वरून थोडी मागे कललेली असते, त्यामुळे टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा त्या रेषेच्या मागे राहते आणि गाडी पुढे गेली की चाक आपसूक सरळ ओढलं जातं. हा कल जितका कमी तितकं स्टिअरिंग निर्जीव.

तुमच्या जिम्नीत पुढे अखंड ॲक्सल आहे आणि तो दोन लांब आर्मना धरलेला आहे. आर्मचं मागचं टोक चासीला, पुढे ॲक्सल. स्प्रिंग उंच झाली की चासी वर जाते, आर्म पुढच्या बाजूने खाली झुकतो, आणि ॲक्सल त्याला दोन बुशांनी (सांध्यातल्या रबरी नळ्यांनी) पक्का असल्यामुळे तोही आर्मबरोबर पुढे लवतो. ढोबळ हिशेब धरा, इंचामागे डिग्री-दीड डिग्री कॅस्टर गेला. कंपनीनं मुळात फार ठेवलेला नसतो, त्यातले दोन-तीन गेल्यावर उरतं काय? त्यात इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, म्हणजे हलकं झालेलंही हाताला कळत नाही. टोचं म्हणाल तर टाय रॉड एका चाकाच्या नकलपासून (चाकाबरोबर वळणाऱ्या सांध्यापासून) दुसऱ्या नकलपर्यंत सरळ जातो, गाडी उंच केली तरी त्याला फारसा फरक पडत नाही, म्हणूनच तर प्रिंट हिरवी येते.

उपाय तीन आहेत. एक, भोक मध्यावर नसलेले कॅस्टर करेक्शन बुश, आर्मच्या ॲक्सलकडच्या टोकाला प्रेसवर बसवायचे. दोन इंचासाठी मी हेच करीन. फक्त दोन्ही आर्मना बुशची खूण एकाच दिशेला आहे ना ते स्वतः वाकून बघा, आणि बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर लटकलेली नाही, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दोन, चासीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट, त्याने गाडी चालायला छान होते पण ते खाली लोंबतात आणि दगडाला आधी तेच लागतात. तीन, नवे वाकवलेले आर्म, महाग काम, चार इंच लिफ्टवाल्यांसाठी ठेवा.

स्टिअरिंग तिरकं दिसतंय ते वेगळं प्रकरण, पण सोपं. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक लिफ्टनंतर जास्त तिरपी झाली, म्हणून सरळ चालताना स्टिअरिंग एका बाजूला राहतं. तिच्यावर लांबी कमी-जास्त करायची सोय असते, तिथूनच सरळ करायचं. काही जण स्टिअरिंगच उपटून एक दात सरकवून बसवतात, तसं अजिबात करू देऊ नका, सेन्सरला वाटतं गाडी वळतेय आणि ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो किंवा नको तिथे ब्रेक लागतो.

पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकला असेल. दोन्ही बाजूंना मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर मोजा. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल तर ॲडजस्टेबल रॉड घ्या, पण नुसतं पॅनहार्डचं ब्रॅकेट खाली आणू नका. पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक समांतर असल्या तरच खड्ड्यात गाडी स्वतःहून वळत नाही.

डॅम्परचं सांगायचं तर दाढ दुखते म्हणून लवंग धरण्यासारखं ते आहे. आधी हवेचा दाब बघा (ट्रेलवरून 18 वर उतरवलेली हवा भरायला विसरलेले कितीतरी लोक मी बघितलेत), मग एकाला स्टिअरिंगवर बसवा, इंजिन चालू, गाडी जमिनीवर, त्याने थोडं थोडं डावं-उजवं करायचं आणि तुम्ही खाली झोपून पॅनहार्डच्या दोन्ही टोकांवर, टाय रॉडच्या टोकांवर बोटं ठेवायची. जिथे टकटक लागेल तिथे चोर. कुठेच नाही लागली तर कॅस्टरकडे वळा.

प्रश्न: जिप्सीला पुढे लांब शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकले. आता साठला गाडी होडीसारखी डुलते. मेकॅनिक पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये वेज (पाचर) टाकू म्हणतो. खरंच फरक पडतो?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: पडतो, पण वेज उलटी बसली तर दुप्पट वाईट, हे मी अनुभवाने सांगतोय. जिप्सीला पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाटा पुढून खाली जातो आणि कॅस्टर मरतो. ॲक्सल पाट्याच्या वर बसलेला असेल, म्हणजे कंपनीसारखा, तर वेजची जाड बाजू पुढे यायला हवी. माझ्या जिप्सीला बसवताना मी तिथेच चहा पीत उभा होतो, दोन्ही वेज जाड बाजू मागे करून बसल्या आणि मीही मान डोलावली! ताम्हिणी उतरताना चाळीसला घाम फुटला. घरी येऊन टॉर्च मारला तेव्हा दिसलं.

अजून एक, वेजने ॲक्सल मागे कलला की डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. फोर बाय फोरमध्ये गुणगुण ऐकू आली तर वेज जास्त झाली समजा. आणि किंगपिनच्या (चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या) बेअरिंग एकदा तपासून घ्या, जुन्या जिप्सीत त्या झिजलेल्या असतात आणि दोष लिफ्टवर जातो.

प्रश्न: ट्रेलवरून आल्यापासून ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंट करू का?
(एक वाचक, महाड)

उत्तर: आधी रिमच्या आतल्या बाजूला पाइप मारा. कोकणातली लाल माती आत सुकून वीट होते, मूठभर पुरे असते थरथरायला. धुऊनही तसंच राहिलं तर बॅलन्सिंग, अलाइनमेंट त्याच्या नंतर.

प्रश्न: 2021 ची थार, पुढे स्पेसर टाकून उंच केली. वरच्या जिम्नीवाल्यांसारखेच बुश चालतील का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: नाही. तुमच्या थारला पुढे अखंड ॲक्सल नाही, दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत, त्यामुळे उंच केल्यावर टो आणि कँबर दोन्ही हलतात आणि इथे अलाइनमेंटवाल्याचं काम खरोखर लागतं. कँबर मर्यादेत येतच नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतात किंवा स्पेसर पातळ करावा लागतो, मी दुसरं सुचवीन. दर महिन्याला ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बूटवर हात फिरवत जा. कोन वाढल्याने तेच आधी फाटतात, आणि ग्रीस उडून रिमच्या आत काळा पट्टा दिसायला लागला की उशीर झालेला असतो.