आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला चाललेत, ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये नेमकं काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की वडील 67 वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू, बहिणीकडे टेक्सासला चार महिने मुक्काम आणि परतताना आठ दिवस युरोप. एजंट म्हणतो, 50 हजार डॉलरचं कव्हर आहे, निर्धास्त राहा. मी तुमच्या जागी असते तर त्या 50 हजारांकडे सगळ्यात शेवटी बघितलं असतं.

आमचंच सांगते. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, मुलगा न्यू जर्सीत. 2018 साली पहिल्यांदा गेलो तेव्हा ओळखीच्याच एजंटकडून पॉलिसी घेतली. 'काका, बधुं कव्हर थई जाय', म्हणजे सगळं कव्हर होतं, म्हणत त्यानेच फॉर्म भरला, ह्यांनी सही केली, मी चहा ठेवला. तिकडे तिसऱ्याच आठवड्यात हे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले आणि मनगट मोडलं. इमर्जन्सीत नेलं. तिथल्या कागदावर पहिलीच ओळ: चक्कर, रक्तदाबाचा जुना त्रास. क्लेम टाकल्यावर कंपनीने इथल्या डॉक्टरांचे कागद मागवले आणि आमचाच प्रपोजल फॉर्म आमच्यापुढे धरला. 'उच्च रक्तदाब आहे का?' यापुढे 'नाही'वर खूण. खाली सही ह्यांची. क्लेम नामंजूर. एजंटवर चिडून काय होणार, सही तर आमचीच होती! मुलाने हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्यांशी बोलून रक्कम बरीच उतरवून घेतली आणि हप्त्यांनी फेडली. अमेरिकेत बिलाची अशी घासाघीस चालते हे मला तेव्हा कळलं. मी मंगळबाजारात करते तेच, फक्त इंग्रजीतून.

तेव्हा फॉर्म वडिलांनी स्वतः भरावा, शेजारी औषधांचा डबा घेऊन. एकूण एक गोळी लिहायची. प्रीमियम वाढेल, कदाचित तपासण्या करायला सांगतील, करा.

मग पॉलिसी वर्डिंग, म्हणजे पॉलिसीच्या सगळ्या अटींचा कागद, उघडून 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज', म्हणजे आधीपासूनचे आजार, हे शब्द शोधा. काही पॉलिसी हे आजार सरळ वगळतात. काही फक्त जीवावर बेतलं तरच पैसे देतात, तेही ठरावीक रकमेपर्यंत आणि तब्येत स्थिर होईपर्यंतच. जास्त प्रीमियम घेऊन हे कव्हर वाढवणारेही प्लॅन असतात. तुमच्या वडिलांसाठी मी तोच विचारला असता. आजार फॉर्ममध्ये लिहिला म्हणजे त्याचा खर्च मिळणार, असं मात्र समजू नका. लिहिणं वेगळं, कव्हर होणं वेगळं. नुसती शुगर वाढली म्हणून डॉक्टरला दाखवलं, किंवा गोळ्या संपल्या, तर ते खिशातूनच. चार महिन्यांची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट इथूनच न्या. बहीण तिकडची पॉलिसी घ्यायचं म्हणत असेल तर तिथे 'अक्यूट ऑनसेट' असा शब्द दिसेल: जुना आजार अचानक उसळला तरच कव्हर. त्यातही वयाची अट असते, ती आधी बघायला सांगा.

आता ते 50 हजार. साठीच्या पुढच्यांना पुष्कळ पॉलिसींत सब-लिमिट लागतं: खोलीचं भाडं दिवसाला इतकंच, आयसीयू इतकंच, सर्जनची फी इतकीच. वरचा आकडा मोठा आणि आतले कप्पे लहान, असा तो प्रकार. अमेरिकेतल्या दरांपुढे हे कप्पे पटकन भरतात. शिवाय 'डिडक्टिबल' असतं, उदाहरणार्थ दर क्लेमला पहिले 100 डॉलर आपले. सब-लिमिट नसलेला प्लॅन महाग पडतो, पण कव्हरचा नुसता आकडा वाढवण्यापेक्षा मी पैसे तिथे घालीन. आम्ही 2022 ला तेच केलं.

पॉलिसीवरचा मदतीचा नंबर बहिणीच्या फोनमध्ये हवा. दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर लगेच कळवायचं. बऱ्याच ठिकाणी 24 तासांची मुदत असते. आणि ताप-खोकल्यासाठी इमर्जन्सीत धावू नका, 'अर्जंट केअर' क्लिनिक असतात, तिथलं बिल कितीतरी कमी येतं.

युरोपचं वेगळं तपासा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान 30 हजार युरोचं कव्हर लागतं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारं. एकाच पॉलिसीत अमेरिका आणि शेंगेन दोन्ही बसतंय ना आणि तारखा शेवटच्या दिवसापर्यंत आहेत ना, हे बघून घ्या. मुक्काम वाढला तर पॉलिसी संपायच्या आधीच मुदतवाढ मागायची.

सामानाबद्दल एवढंच: बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवरून पीआयआर, म्हणजे तक्रारीचा कागद, घ्या. त्याशिवाय क्लेम पुढे सरकत नाही. आमची एक बॅग तीन दिवसांनी आली. आतला लीलो चेवडो शाबूत होता, पण नातवाने तोवर तोंड फुगवलं होतं.

क्लेम चुकीने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. गुजरातसाठीचं कार्यालय अहमदाबादला आहे. आमचीच सही असल्यामुळे आम्ही तो जिना चढलो नाही.

आज एजंटला फोन करून पूर्ण पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ मागा. तो दोन पानी रंगीत ब्रोशर पाठवेल. परत मागा.