वाचक विचारतात: हब ‘फ्री’ केल्यावर ॲव्हरेज खरंच वाढतं का?

प्रश्न: माझी गाडी पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे एरवी मागची दोन चाकं ओढतात आणि हवं तेव्हाच चारही. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब आहेत (‘लॉक’ केलं की चाक आतल्या ॲक्सल शाफ्टला जोडलं जातं, ‘फ्री’ केलं की सुटतं). ते बरेच महिने ‘लॉक’वरच होते. मित्राच्या सांगण्यावरून ‘फ्री’ केले आणि पुढच्याच टाकीला ॲव्हरेज 10 वरून 11.2 किलोमीटरवर गेलं. ही हबचीच करामत का?

उत्तर: फरक पडतो, पण तुम्हाला दिसला तेवढा नाही. 12 टक्क्यांची वाढ एकट्या हबच्या खात्यावर टाकता येणार नाही.

गाडी टू-व्हीलमध्ये असते तेव्हा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणारी गिअरची पेटी, इंजिनाची ताकद पुढे जाऊ देत नाही. पण हब लॉक असतील, तर उलट्या बाजूने काम चालूच राहतं. रस्त्यावर फिरणारं चाक ॲक्सल शाफ्टला फिरवतं, शाफ्ट डिफरन्शिअलला (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर), आणि तिथला पिनियन हा छोटा गिअर ट्रान्सफर केसपर्यंत जाणाऱ्या पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला. ओझं कुणालाच ओढायचं नाही, तरी सगळे फिरत राहतात. डिफरन्शिअलचा मोठा गिअर, क्राउन, जाड गिअर ऑइल ढवळतो, ऑइल सील घासतात, जॉइंट आणि बेअरिंग आपापला वाटा घेतात. हब फ्री केला की चाक फक्त स्वतःच्या बेअरिंगवर फिरतं आणि आतला हा सगळा पसारा जागेवर थांबतो. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये कंपनी काढली ती अशाच हबसाठी. महायुद्धातून उरलेल्या जीप लोक साध्या रस्त्यावर वापरू लागले होते, आणि तिथे पुढचा ॲक्सल फिरवत ठेवायचं काही कारण नव्हतं.

आता हिशेब. डब्यासारख्या आकाराची, 1800 किलोची गाडी सपाट रस्त्यावर ताशी 90 किलोमीटरने न्यायला चाकांपाशी साधारण 18 किलोवॅट लागतात. त्यातला 70 टक्क्यांच्या आसपास भाग हवा कापण्यातच जातो. पुढचा ॲक्सल नुसता फिरता ठेवायला, गिअर ऑइल गरम झाल्यावर, अर्धा किलोवॅट धरू. म्हणजे वाचले 3 टक्क्यांहूनही कमी. तुमच्या 10 चे 10.2 होतील, फार तर 10.3. ऑइल थंड आणि घट्ट असताना हा वाटा वाढतो. म्हणून रोज जवळच्या जवळ, थंड गाडीने फिरणाऱ्याला हबचा उपयोग लांब पल्ल्याच्या चालकापेक्षा थोडा जास्त होतो.

मग 11.2 कुठून आले? माझा पहिला संशय टाकीवर आहे. पंपाची नळी एकदा लवकर बंद झाली, गाडी जरा कलती उभी होती, तर 50 लिटरच्या टाकीत एखादा लिटर सहज इकडे-तिकडे होतो. तेच 2 टक्के झाले, म्हणजे आपण जे मोजायला निघालो जवळजवळ तेवढीच मोजण्यातली चूक. त्यात हब बदलल्याच्या उत्साहात माणूस पाय हलका ठेवतो. ताशी 100 ऐवजी 80 ने गेलं तर हवेचा रोध 36 टक्क्यांनी उतरतो. हबच्या अर्ध्या किलोवॅटने त्याच्याशी काय बरोबरी करायची!

एका टाकीवर विश्वास ठेवू नका. त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करून, त्याच रस्त्याच्या चार-पाच टाक्या लॉकवर आणि तेवढ्याच फ्रीवर मोजा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. मोकळा, सरळ, सपाट रस्ता आणि मागेपुढे कुणी नाही हे पाहून, इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रल करा, आणि वेग 60 वरून 40 वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोजायला सांगा. दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढा, म्हणजे वारा आणि चढ-उतार वजा होतात. आधी अर्धा तास गाडी चालवून गिअर ऑइल गरम करा, टायरमधली हवा तीच ठेवा. लॉक आणि फ्रीमध्ये फरक निघेल तो एखाद्या सेकंदाचा. झुळूक आली तरी तो पुसला जातो, म्हणून वारा पडलेली वेळ निवडा.

गाडी इंधन फार पिते अशी तक्रार घेऊन कुणी येतं तेव्हा मी हबकडे सगळ्यात शेवटी पाहते. आधी टायरमधली हवा. मग टपावरचं रिकामं कॅरिअर, जे वर्षभर विनाकारण हवा खात असतं. मग प्रत्येक चाकाजवळ तळहात नेते, धातूला न लावता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ब्रेकचा कॅलिपर अडकतोय किंवा व्हील बेअरिंग जास्त आवळलंय. असं घासणारं एक चाक दोन्ही हबनी वाचवलेलं सगळं इंधन खाऊन वर आणखी मागतं.

तरीही साध्या रस्त्यावर हब फ्रीच ठेवा. मीही ठेवते. स्टिअरिंग थोडं हलकं लागतं, पुढच्या प्रॉपेलर शाफ्टची घरघर थांबते, आणि सीव्ही जॉइंटचे रबरी बूट, युनिव्हर्सल जॉइंट, सील हे सगळं जास्त टिकतं. उघडलेल्या ॲक्सलमध्ये हा फरक मला हाताला लागतो. अट एकच: चिखलात किंवा वाळूत शिरण्याआधी उतरून दोन्ही हब लॉक करायचे. गाडी रुतल्यावर हबची खूण चिखलाखाली जाते आणि तिथे हात घालून ती फिरवणं फार जिवावर येतं. हब लॉक ठेवून टू-व्हीलमध्ये चालवल्याने काही मोडत नाही, तेव्हा कच्चा रस्ता पुढे आहे हे ठाऊक असेल तर दिवसभर लॉक राहू द्या. कोरड्या डांबरावर टाळायचं ते हब लॉक करून फोर-व्हील लावणं.

प्रश्न: हब महिनोन्‌महिने फ्री राहिले तर पुढचा ॲक्सल खराब होतो, असं ऐकते. खरं आहे का?

उत्तर: खरं आहे. डिफरन्शिअलमधलं तेल गिअर फिरले की वर उडतं, थांबले की खाली बसतं. वरचे भाग आणि सील कोरडे पडतात. ओलावा शिरला असेल तर गंजही धरतो. महिन्यातून एकदा हब लॉक करून, टू-व्हीलमध्येच, काही किलोमीटर चालवा. तेवढ्याने हबची आतली फिरती कडीही मोकळी राहते. हब उघडलाच तर त्यात बेअरिंगसारखं ग्रीस ठासू नका. पातळ हात पुरतो. जाड ग्रीसमध्ये कडी अडकते आणि बाहेर ‘लॉक’ दिसत असताना आत दाते जुळलेले नसतात. पाण्यातून गाडी काढली असेल तर झाकण उघडून पाहा. ग्रीस दुधाळ झालं असेल तर गॅस्केट गेलं. आणि हबचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच आवळा. चाकाला जाणारी सगळी ताकद त्यांच्यातून जाते, एक सैल राहिला की बाकीचे तुटायला वेळ लागत नाही.

प्रश्न: एकच हब लॉक होतोय, दुसरा अडकलाय. तोवर काम भागेल का?

उत्तर: नाही. साधं डिफरन्शिअल मोकळ्या बाजूला फिरत राहील आणि लॉक असलेल्या चाकाला काहीच मिळणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाडी टू-व्हील समजूनच चालवा.

प्रश्न: माझी गाडी फुल-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह आहे. इंधन वाचेल म्हणून तिला मॅन्युअल हब बसवायचा विचार आहे. बसवू का?

उत्तर: नका बसवू. हे मी अगदी कळकळीने सांगते.

तुमच्या ट्रान्सफर केसमध्ये सेंटर डिफरन्शिअल आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये ताकद वाटणारं. पुढचे हब फ्री केले की त्याला पुढे रोधच उरत नाही. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट गरगर फिरेल आणि गाडी जागची हलणार नाही. ती हलवायला सेंटर डिफ लॉक करावं लागेल. पण लॉक केलं की पुढचा प्रॉपेलर शाफ्ट आणि पुढचा क्राउन-पिनियन आता इंजिन फिरवणार, म्हणजे जे थांबवण्यासाठी खर्च केला ते फिरतच राहिलं. शिवाय पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वाटली जाणारी सगळी ताकद मागच्या हाफ शाफ्टवर आली. ट्रान्सफर केसचे आतले भाग बदलून तिला पार्ट-टाइम करता येतं, पण मागच्या ॲक्सलवरचा भार तेव्हाही तोच, आणि ओल्या रस्त्यावर चारही चाकं मिळून गाडीला जी पकड देत होती ती गेली.

याहून मोठी भीती उभ्या गाडीची. सेंटर डिफ मोकळं आणि हब फ्री असताना गाडी गिअरमध्ये टाकून किंवा ऑटोमॅटिकला ‘पी’वर ठेवून तुम्ही उतरलात, तर ती रोखली जात नाही. मागची चाकं फिरू लागतात, पुढचा शाफ्ट उलटा फिरत जातो आणि गाडी उतारावरून निघते. मग तिला धरायला उरतो फक्त हँडब्रेक. असे हब आधीच बसवलेले असतील, तर ते आजच लॉक करा आणि लॉकवरच राहू द्या.