जेवल्यानंतर रक्तात चरबी किती वेळ राहते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकातल्या लिपिड प्रोफाइलवरच्या (रक्तातल्या चरबीच्या तपासणीवरच्या) लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. रक्तातले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत. एलडीएल म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली साधी चरबी.

प्रश्न : देवळाच्या सभामंडपात आरोग्य शिबिर होतं. दुपारी नेहमीचं शीत-कडी (भात आणि खोबऱ्याच्या वाटणाची कडी), तळलेला बांगडा असं जेवून तीनेक तासांनी मी रक्त दिलं. एकूण कोलेस्टेरॉल २०८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २३८, एलडीएल १२२ आलं. नंतर उपाशीपोटी तपासलं तर अनुक्रमे २१०, ३८, १४२ आणि १४४. ट्रायग्लिसराइड उतरलं आणि एलडीएल मात्र चढलं! कुठला रिपोर्ट खरा धरू? (वाचक, वय ४६, फोंडा)

उत्तर : दोन्ही खरे धरा आणि शिबिराचा कागद फाडू नका. तुमच्या बाबतीत तोच जास्त बोलका आहे.

तेल, खोबरं, मासे, दूध यांतली चरबी बहुतेक सगळी ट्रायग्लिसराइडच असते. लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस तिचे तुकडे करतात. आतड्याच्या पेशी ते पुन्हा जोडतात, त्याला प्रथिनाचं वेष्टन चढवतात आणि कायलोमायक्रॉन नावाचे मोठे कण तयार होतात. साखरेसारखे हे कण थेट यकृताकडे जात नाहीत. लसीकावाहिन्यांतून वर चढून ते मानेच्या मुळाशी असलेल्या शिरेत रक्ताला मिळतात. म्हणून चरबीचा चढ सावकाश येतो. साखर जेवल्यानंतर तासाभरात शिखर गाठते, ट्रायग्लिसराइड तीन-चार तासांनी. ते मूळ पातळीवर यायला सहा ते आठ तास लागतात, काहींना त्याहून जास्त.

रक्तात आलेले कण फोडण्याचं काम केशवाहिन्यांच्या भिंतीवर बसलेलं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) करतं. सुटलेली चरबी स्नायू जाळतात किंवा चरबीच्या पेशी साठवतात. उरलेले छोटे, कोलेस्टेरॉलने भरलेले अवशेष यकृताने उचलायचे असतात. ते रेंगाळले तर धमनीच्या भिंतीत शिरतात. धमन्या कडक होण्याचा आजार बऱ्याच अंशी जेवणानंतरच्या तासांत घडतो, हा विचार झिल्व्हरस्मिट या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडला होता. नाश्ता, दुपारचं जेवण, चहासोबत भजी, रात्रीचं जेवण असा दिवस असेल तर खरं उपाशी रक्त पहाटेच्या काही तासांतच असतं.

आता एलडीएलचं कोडं. बहुतेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, फ्रीडवाल्ड यांच्या १९७२च्या सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. उपाशी २१० − ३८ − २८ = १४४. जेवल्यावर २०८ − ३८ − ४८ = १२२. पाचवा हिस्सा हे गणित उपाशी रक्तातल्या कणांसाठी बसवलेलं आहे. कायलोमायक्रॉनमध्ये ट्रायग्लिसराइडच्या मानाने कोलेस्टेरॉल फार कमी असतं, त्यामुळे जेवल्यावर सूत्र गरजेपेक्षा जास्त वजा करतं. म्हणजे तुमचं एलडीएल दोन तपासण्यांच्या मधे चढलेलं नाही, शिबिरात ते कमी दिसलं एवढंच. अशा वेळी नॉन-एचडीएल बघावं, म्हणजे एकूण वजा एचडीएल. तुमचं एकदा १७०, एकदा १७२. जेवणाने ते फारसं हलत नाही. त्याचं उद्दिष्ट एलडीएलच्या उद्दिष्टापेक्षा ३० ने जास्त धरतात.

उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं, जेवून आलेल्या रक्तात १७५ च्या आत. २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही असं सांगितलं, तेव्हा हीच मर्यादा दिली. जेवल्यावर ४४० च्या वर आलं तरच उपाशी तपासणी पुन्हा करायची. तुमचं उपाशी १४२ म्हणजे काठावर, जेवल्यावर २३८ म्हणजे मर्यादेच्या बरंच वर आणि एचडीएल पुरुषांच्या ४० या रेषेच्या खाली. तुमची चरबी रक्तातून सावकाश हटते आहे. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही रेषा मानतात. एकाच माणसाचं ट्रायग्लिसराइड दिवसागणिक वीसेक टक्के वर-खाली होतं, तेव्हा एका आकड्यावर औषध सुरू करू नका.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको एकाच ताटातलं जेवतो. त्यांचं ट्रायग्लिसराइड पहिल्यापासून दोनशेच्या आसपास, माझं कधी शंभराच्या वर गेलं नव्हतं. पाळी थांबून तीन वर्षं झाली आणि आता माझंही १८५ आलंय. खाण्यात काहीच बदल नाही, मग हे का? (एक वाचक भगिनी, वय ५२, म्हापसा)

उत्तर : ताट तेच राहिलं, शरीराची ते हाताळायची पद्धत बदलली.

पाळी सुरू असलेल्या स्त्रीला आणि तिच्याच वयाच्या पुरुषाला सारखंच चरबीचं जेवण दिलं तर पुढच्या सहा-आठ तासांत स्त्रीच्या रक्तातलं ट्रायग्लिसराइड सर्वसाधारणपणे कमी चढतं आणि लवकर उतरतं. स्त्रीच्या शरीरात एकूण चरबी जास्त असली तरी ती मांड्या आणि नितंबांवर, त्वचेखाली असते. ही चरबी जेवणातले कण पटकन उचलून ठेवते. पुरुषांची चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते. तिथून सुटणारी चरबीची आम्लं थेट यकृतात जातात आणि यकृत त्यांचे व्हीएलडीएल नावाचे आणखी कण रक्तात सोडतं. आतड्याचे कण आणि यकृताचे कण दोघांनाही फोडणारं विकर एकच. यकृताच्या मालाची आधीच रांग लागलेली असेल तर जेवणातून आलेला माल मागे खोळंबतो. तुमच्या यजमानांचं बहुधा हेच होत असावं.

इस्ट्रोजेन कमी झालं की स्त्रीची चरबीही पोटाकडे सरकते. वजनकाटा तोच आकडा दाखवत राहतो आणि कंबर वाढते. म्हणून कंबर मोजा, नुसतं वजन नको. मधुमेह झाला तर स्त्रियांचा हा फायदा पाळी सुरू असतानाही बराचसा जातो, तेव्हा साखर तपासायला टाळाटाळ करू नका.

आणखी दोन गोष्टी. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि ट्रायग्लिसराइड वाढवतं. त्वचेवर लावायच्या पट्टीने तसं सहसा होत नाही. दुसरं, स्त्रियांसाठी एचडीएलची रेषा ५० आहे. तुमचं ४६ असेल आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलं असेल तर ती पुरुषांची रेषा लावली असण्याची शक्यता आहे. आणि ‘बायकांना हृदयविकार होत नाही’ हे कुणी म्हटलं तर ऐकू नका. १९९६ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा ट्रायग्लिसराइड तेवढंच वाढलं तर धोका पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त वाढतो असं दिसलं होतं.

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नारळ आणि खोबरेल तेल. आता मुलगा म्हणतो बंद करा, शेजारी म्हणतात खोबरेल चरबी जाळतं. नक्की काय करू? (वाचक, काणकोण)

उत्तर : नारळ बंद करायची गरज नाही. पण शेजाऱ्यांचं म्हणणं चुकीच्या आधारावर उभं आहे. यकृतात थेट जाऊन लगेच जळणारी चरबी म्हणजे आठ आणि दहा कार्बनची आम्लं. खोबरेलात ती जेमतेम आठवा हिस्सा असतात. जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते बहुतांशी इतर चरबीसारखंच कायलोमायक्रॉनमधून जातं. घाण्याचं असो की ‘व्हर्जिन’, ही रचना बदलत नाही.

इथे दोन परिणाम वेगळे ठेवा. एका जेवणानंतर ट्रायग्लिसराइड किती चढेल हे मुख्यतः चरबीच्या प्रमाणावर ठरतं, तेल कुठलं यावर थोडंच. एका जेवणात १५ ग्रॅमपर्यंत चरबी असेल तर चढ क्वचितच जाणवतो. ३० ते ५० ग्रॅममध्ये प्रमाणागणिक वाढतो. ८० च्या पुढे तो उंचही जातो आणि रेंगाळतोही. दुसरा परिणाम आठवडे-महिन्यांचा, एलडीएलचा. तिथे तेलाची जात महत्त्वाची. २०२० मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी दहाएक मिलिग्रॅमने जास्त राहिलं. एचडीएलही चारेक मिलिग्रॅमने वाढलं, पण त्याने एलडीएलची भरपाई होते असं मानायला आधार नाही.

आता तुमच्या ताटाचा हिशेब. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ३३ ते ४० ग्रॅम चरबी असते, नारळ जितका जून तितकी जास्त. चौघांच्या हुमणाला (माशाच्या कडीला) २०० ग्रॅम खव, म्हणजे खवलेलं खोबरं, वाटला तर माणशी साधारण १८ ग्रॅम. भाजीवर माणशी २० ग्रॅम खोबरं म्हणजे ७ ग्रॅम. मासा तळताना पोटात गेलेलं एक मोठा चमचा तेल म्हणजे १४ ग्रॅम. झाले ३९. कडीचा खव निम्मा केला (९), भाजीवरचं खोबरं अर्ध्यावर आणलं (३.५) आणि मासा तव्यावर माणशी एक चहाचा चमचा तेलात भाजला (४.५), तर तेच ताट १७ वर येतं.

नुसतं खोबरं कमी केलं की कडी पातळ होते, पाणी वेगळं दिसतं आणि घरचे नाक मुरडतात. त्यावर जुनाच उपाय आहे: दोन चहाचे चमचे तांदूळ अर्धा तास भिजवून वाटणात घाला. अंगाला दाटपणा येतो. हुमणाला वरून खोबरेल सोडायची सवय असेल तर ती आधी सोडा, खोबऱ्याचं स्वतःचं तेल त्यात आहेच. माशाला रव्याचा जाड थर लावू नका आणि तवा पुरेसा तापल्याशिवाय मासा टाकू नका. थंड तेलात रवा तेल पीत राहतो आणि कुरकुरीतही होत नाही. हळदीच्या पानात गुंडाळून वाफवलेले तारले तर तेलाशिवायही उत्तम लागतात.

घरात किती तेल लागतं ते डब्यावरून मोजा. चौघांत महिन्याला चार लिटर संपत असेल तर माणशी रोज ३० ग्रॅम, खोबरं आणि तळणीचं बाहेरचं खाणं वेगळंच. दोन लिटरवर आणता येतं. त्यातला मोठा भाग शेंगदाणा, मोहरी किंवा तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा ठेवा आणि खोबरेल जिथे त्याच्या वासाशिवाय पदार्थच होत नाही तिथे वापरा. माझ्या मते हा सौदा चांगला आहे.

प्रश्न : बांगडे-तारले खातो, तरी डॉक्टरांनी ओमेगा-३ कॅप्सूल सुचवली. बाजारातली १००० मिलिग्रॅमची रोज एक घेतली तर चालेल? (वाचक, वास्को)

उत्तर : त्यांनी कुठला डोस लिहिला ते आधी विचारा. साध्या कॅप्सूलमध्ये १००० मिलिग्रॅम माशाचं तेल असतं, पण त्यातली कामाची ओमेगा-३ आम्लं, इपीए आणि डीएचए, मिळून बहुधा ३००. ट्रायग्लिसराइड उतरवायला रोज २ ते ४ ग्रॅम इपीए-डीएचए लागतात आणि तो डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा. हृदयासाठी म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा किंवा तारले पुरेत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बर्फातले चालतील. खारे मासे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, मिठाने रक्तदाब वाढतो.

प्रश्न : शनिवारी मित्रांसोबत फेणी आणि चोरिस-पाव (डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज आणि पाव) झाला. सोमवारी सकाळी उपाशी रक्त दिलं तर ट्रायग्लिसराइड ४८६! रोज रात्री जेवून शतपावली करतो, तिचा काही उपयोग नाही का? शिवाय चतुर्थी जवळ आली आहे. (वाचक, वय ३४, मडगाव)

उत्तर : यकृत दारू जाळण्यात गुंतलं की चरबी जाळायचं थांबवतं आणि तीच चरबी व्हीएलडीएल करून रक्तात सोडतं. त्याच जेवणात चोरिसाची चरबी आली की दोन्ही एकत्र चढतात आणि उतरायला खूप उशीर लागतो. ७२ तास दारूचा थेंब नाही, १२ तास उपास (पाणी चालेल, दुधाचा चहा नाही, नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून) असं करून पुन्हा तपासा. तरी ५०० च्या आसपास असेल तर दारू पूर्ण बंद, साखर आणि गोड पेयं बंद, आणि डॉक्टरांकडे जा. हजारच्या वर गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी तीव्र कळ आणि उलट्या असतील तर अॅसिडिटी समजून घरी थांबू नका, लगेच जवळच्या रुग्णालयात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा.

शतपावलीचा उपयोग साखरेला जास्त. ट्रायग्लिसराइडसाठी आदल्या दिवशीचं चालणं कामाला येतं. ४५ ते ६० मिनिटं दम लागेल इतक्या वेगाने चाललं की काही तासांनी स्नायूंतलं चरबी फोडणारं विकर वाढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतरचा चढ साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो. हा परिणाम एक-दोन दिवसांत विरतो, म्हणून रविवारी एकदाच लांब चालून भागत नाही. सलग वेळ नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात.

चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) खा, पण एका बैठकीत दोन. तळणीच्या नेवरीत चरबी आणि साखर दोन्ही असतात. हळदीच्या पानातल्या वाफवलेल्या पातोळ्यांत तेल नाही, खोबरं आणि गूळ मात्र आहे, तेव्हा त्याही मोजून. आदल्या संध्याकाळी तासभर चाला. सण संपल्यावर लगेच रक्त देऊ नका, नेहमीच्या जेवणावर तीन आठवडे जाऊ द्या आणि मग तपासा. तोवरचा आकडा सणाचा असेल, तुमचा नव्हे.