घरच्या ग्लुकोमीटरचा आणि लॅबचा साखरेचा आकडा का जुळत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं गुळाचं दुकान आहे. उपाशीपोटी साखर लॅबमध्ये १३८ आली, त्याच सकाळी घरच्या मशीनवर १५६. परवा दुकानात बसल्या बसल्या तपासली तर २९०, आणि लगेच दुसऱ्या हाताच्या बोटावर १७४. मशीन बदलायचं का?

१३८ आणि १५६ चा फरक सोडून द्या. घरगुती मशीनसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे साखर १०० किंवा जास्त असेल तेव्हा शंभरातले ९५ आकडे लॅबच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे आले की मशीन पास. १०० च्या खाली ही सूट १५ मिलिग्रॅमची. म्हणजे लॅबच्या १३८ ला घरी ११७ ते १५९ मधलं काहीही आलं तरी तक्रार करता येत नाही. मशीन विकणारा 'आमचं मशीन लॅबशी तंतोतंत जुळतं' म्हणत असेल तर म्हणू द्या.

२९० चं कारण बहुतेक बोटावर आहे. पट्टी अर्धा ते एक मायक्रोलिटर रक्त ओढते. पट्टीवरच्या, बहुतेक बुरशीपासून काढलेल्या एन्झाइमची ग्लुकोजशी प्रक्रिया होऊन जो बारीक विद्युतप्रवाह तयार होतो, तो मशीन मोजतं. अर्ध्या मायक्रोलिटरमध्ये बाहेरचं अर्धा मायक्रोग्रॅम ग्लुकोज मिसळलं की आकडा सरळ १०० ने चढतो. साखरेचा एक दाणासुद्धा वजनाने याच्या शेकडो पट असतो. शुद्ध साखर म्हणजे सुक्रोज, त्याला हे एन्झाइम दाद देत नाही. पण रस उकळताना सुक्रोजचा काही भाग फुटतो, त्यामुळे गुळात आणि त्याहून जास्त काकवीत मोकळं ग्लुकोज असतं. आंबा, द्राक्षं सोलल्यावरही हेच होतं. ढेप हाताळलेलं बोट नुसतं स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं तर हा थर पूर्ण निघत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं.

म्हणून क्रम असा ठेवा. कोमट पाण्याने हात धुवा, नखांच्या कडांसकट. पूर्ण कोरडे करा. ओल राहिली तर रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. हात मिनिटभर खाली सोडा. मधलं किंवा अनामिकेचं बोट घ्या, टोकावर न टोचता कडेला टोचा. तिथे दुखतं कमी. सुई दर वेळी नवी, आणि दुसऱ्याची तर कधीच नाही, हिपॅटायटिस बी असाही पसरतो. थेंब येत नसेल तर तळहाताकडून बोटाकडे हलकं चोळा. पेर दाबून दाबून पिळलं की रक्ताबरोबर पेशींमधलं पाणीही येतं. हात धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा वापरा. पट्टीची कड थेंबाला लावा, ती आपोआप ओढून घेते. थेंब कमी पडला तर वर दुसरा टाकू नका (काही मोजक्या मशीनना चालतो, माहितीपत्रक बघा), पट्टी फेकून द्या. आठ-दहा रुपये वाचवायला जाऊन खोटा आकडा पदरी पडतो.

आता पट्ट्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. डबीच्या आत ओल शोषणारा पदार्थ असतो; पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी 'टक' वाजेपर्यंत बंद करायचं. रोज दोनच पट्ट्या नेऊ म्हणून पाकिटात किंवा औषधाच्या डब्यात ठेवू नका. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. बहुतेक डब्यांवर ३० अंशांची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ती केव्हाच ओलांडली जाते. डबी उघडल्याची तारीख पेनाने वर लिहा, कारण उघडल्यावर मुदत वेगळी असते, बहुतेक तीन ते सहा महिने.

लॅबचा आकडाही दर वेळी देववाणी नसतो. नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणून साखरेसाठी करड्या झाकणाची, हे खाणं थांबवणाऱ्या फ्लोराइडची नळी असते, पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायलाही तास-दोन तास जातात. गगनबावड्याला घेतलेला नमुना शहरात येऊन, पेशी वेगळ्या करायला यंत्रात उशिरा फिरवला गेला, तर आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. जुळवून बघायचंच असेल तर उपाशीपोटी मशीन घेऊन लॅबमध्ये जा आणि शिरेतून रक्त घेतल्यावर पाच मिनिटांत बोटाला टोचा. जेवणानंतरचे आकडे ताडून बघू नका; तेव्हा बोटातली साखर शिरेपेक्षा २०-२५ नेही जास्त असू शकते. सलग दोन-तीन वेळा १५ टक्क्यांपेक्षा फरक आला तर त्याच कंपनीचं कंट्रोल सोल्यूशन (ठरावीक साखर असलेलं तपासणीचं द्रव) मागवून, रक्ताऐवजी ते पट्टीला लावून तपासा. त्याचा आकडा पट्ट्यांच्या डबीवर छापलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर आधी पट्ट्या बदला, मग मशीन.

वडिलांना ॲनिमिया असेल तर डॉक्टरांना सांगा: लाल पेशी कमी असल्या की बऱ्याच मशीन साखर जास्त दाखवतात. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनेही काही पट्ट्या फसतात.

इन्शुलिन सुरू असेल तर अचानक आलेल्या २९० वर डोस वाढवू नका. आधी हात धुऊन पुन्हा तपासा. उलट घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही होत असेल आणि मशीन ११० दाखवत असेल, तर मशीनला बाजूला ठेवा. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या, १५ मिनिटांनी धुतलेल्या हाताने परत मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.